तारेवर तीन बोटं

कार्ल्याच्या दिलावरभाई मुलाणींनी रेल्वेत गँगमन म्हणून तीस वर्षं रूळ तपासले, आणि तितकीच वर्षं ईदचा चंद्र. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ते मशिदीमागच्या टेकडीवर चढायचे, "दिसला" म्हणायचे, की दुसऱ्या दिवशी ईद. पुण्याहून चंद्र दिसल्याचा निरोप मागून यायचा. तोवर बजरंग गवळ्याला शिरखुर्म्याचं दूध सांगून झालेलं असायचं. आपल्या या एका शब्दाची त्यांना भारी ऐट. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऐट काही उतरली नाही. कुणाला कळू दिलं तर शपथ. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर धावून जात.

गेली चार वर्षं चंद्र बघायची ती त्यांची बायको अकबरी. रोजा सोडायला खजूर-पाणी घेऊन ती शेजारी उभी राहायची, नवऱ्याचं कोपर धरून त्याला वळवायची, आणि चंद्र विजेच्या तारेच्या जितकी बोटं वर असेल तितक्या वेळा कोपर दाबायची. "तारेवर तीन बोटं!" दिलावरभाई गरजायचे, आणि गाव तिकडं बघायचं.

यंदाही महिन्याची पहिली कोर तिनंच दाखवली. होळीच्या सुमारास पुनवेचा चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला, तेव्हा ओट्यावर बसून ती सांगत होती, "कडंला कुरतडलाय. आन वर मोटी चांदनी हाय. सानिया म्हनती, गुरू हाय त्यो." नात सानिया मोबाइलवर बघून ग्रहांची नावं सांगायची. मग अकबरी हळूच म्हणाली, "आता डोळं दाखवा की. मी काय जन्माला पुरनार हाय?"

"ईद झाल्यावर बघू," ते खेकसले.

एकविसाव्या रोज्याला चंद्र झिजत निम्म्यावर आला होता. त्या दुपारी कपडे वाळत घालता घालता अकबरी खाली बसली, ती उठलीच नाही.

एकोणतिसाव्या संध्याकाळी लोक म्हणाले, भाऊ, यंदा राहू द्या. पण ते हट्टानं टेकडी चढले. सूर्य लोणावळ्याच्या डोंगरामागं गेला. ते डोळे ताणताणून बघत राहिले, आणि पश्चिमेला पांढरं, वाकडं काहीतरी उमटलं. स्वतःच्या डोळ्यांना दिसलं! त्यांचा ऊर भरून आला. तिनंच पाठवला, असं वाटलं, आणि ते ओरडले, "दिसला! तारेवर दोन बोटं!"

बजरंगला फोन गेलासुद्धा. पण बाकी कुणालाच काही दिसेना. शेवटी सानिया आजोबांना म्हणाली, "दादा, तो शुक्र आहे. चंद्र आज दिसणारच नव्हता."

मौलानांनी बजरंगला थांबायला सांगितलं. मग चाचरत विचारलं, "भाऊ, म्हणजे मागच्या ईदा...?"

सगळे दिलावरभाईंच्या तोंडाकडं बघत होते. चंद्र नसताना ईद करून रोजे बुडाले की काय, याचीच धास्ती. दुःखानं आजच नजर चुकली, एवढं म्हटलं असतं तरी अब्रू राहिली असती. शब्द ओठांवर आलेही होते. पण तिला मातीत ठेवून आठ दिवस झाले होते, आणि आता तिच्या जिवावर आणखी एकदा खोटं बोलायची त्यांना किळस आली.

"मागचं समदं खरं हाय," ते म्हणाले. "चार वर्सं मला दिसत न्हाई. अकबरी बघायची, मी नुसता वरडायचो."

दुसऱ्या दिवशी तीस रोजे पुरे झाले. महिना त्याच्या वर जात नाही, साक्षीची गरजच नव्हती. तरी गाव टेकडीवर गेलं. शुक्राच्या शेजारी कोर इतकी स्वच्छ होती की पोरंसोरंही नाचायला लागली. दिलावरभाईंनी सवयीनं कोपर जरा बाजूला काढलं आणि वाट बघितली. ते तसेच उभे असलेले बघून सानियानं हात धरला आणि त्यांना पश्चिमेकडं वळवलं; समोर कालचाच पांढरा, वाकडा डाग. दाबायची खूण तिला कुठून ठाऊक असणार?

मौलानांनी सगळ्यांसमोर, जुन्याच मानानं विचारलं, "भाऊ, दिसला का?"

"न्हाई," दिलावरभाई म्हणाले.