रामटेके बाईंची मागची सेवा

सरकारी ऑफिसात चकरा मारणाऱ्या माणसाच्या पिशवीत आधी झेरॉक्स साचतात, मग किस्से. झेरॉक्स हरवतात. किस्से हरवत नाहीत, कारण चहाची टपरी दिसली की ते आपोआप बाहेर येतात. आमच्याकडे तर इतके साचले आहेत राजेहो, की माझी बायको आता पाहुण्यांसमोर मला डोळ्यांनीच दटावते, "पेन्शनचा विषय काढू नका!"

तरी काढतो.

आम्ही तिघे. मी मूळचा सिंदेवाहीचा, नोकरी गडचिरोली जिल्ह्यात. मडावी सर अहेरीकडचे, कमी बोलणारे. आणि रामटेके बाई, आमच्यात सगळ्यात धीट. तिघांचीही सुरुवात वस्तीशाळेतली. जिथे इमारत नाही, रस्ता नाही, तिथे गाव देईल त्या जागेत पोरं जमवायची, शिकवायचं आणि महिन्याला मानधन घ्यायचं. पुढे आम्ही नियमित झालो. निवृत्ती जवळ आली तेव्हा कळलं की मानधनाची ती वर्षं नोकरीत धरलेलीच नाहीत! ती मागची सेवा जोडली तर मरेपर्यंत पेन्शन. नाही जोडली तर शाल, नारळ आणि नमस्कार.

मला आणि मडावी सरांना थोडीफार शेती आहे. बाईंना ती नाही. त्यांचे मिस्टर टेम्पो चालवायचे, लकवा मारल्यापासून खाटेवरच आहेत. बाई एकदा बसमध्ये म्हणाल्या, "माहा पगार बंद झाला तं यायच्या गोळ्या बंद होतीन जी." त्यानंतर आम्ही त्या विषयावर बाईंसमोर कधी विनोद केला नाही. बाकी सगळ्यांवर केला.

* * *

आमची फाइल ज्या टेबलावर होती तिथल्या क्लार्कचं खरं नाव सांगत नाही. आम्ही त्यांना त्रुटीभाऊ म्हणायचो. फाइल उघडायच्या आधीच ते म्हणत, "त्रुटी हाये."

सगळ्यात आधी माझी त्रुटी निघाली. मी सरळ मनाने लिहून दिलं होतं की दरवर्षी रोवण्याच्या दिवसांत शाळा बंद असायची. आमच्या झाडीपट्टीत धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लागला की गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही, सगळे धानाच्या बांधीत. पोरं रोपांचे परे पोचवायला, मायबाप रोवायला. मग मीही धोतर खोचून उतरायचो.

त्रुटीभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे दरसाल तुमी नोकरी सोडली?"

"अरे बापा! सोडली नाई भाऊ. अख्खा गाव चिखलात, मी शाळेत कोणाले शिकवू?"

"सेवेत खंड पडला. एकदा नाई, दरसाल!"

खरं लिहिलं म्हणून नोकरी मोडते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझं तोंड पाहून त्रुटीभाऊंना दया आली असावी. इकडेतिकडे पाहून ते हळूच म्हणाले, "सर, पोरं चिखलात होती?"

"हव."

"तुमी संग होते?"

"हव."

"मंग रोवणा काऊन लिवता? कार्यानुभव लिवा ना!"

माझी सेवा अशी जोडली गेली.

* * *

मडावी सरांना सांगण्यात आलं, त्या वेळचा एखादा विद्यार्थी साक्षीला आणा. पुढच्या खेपेला सर एकाला घेऊन आले. डोक्याला मुंडासं, हातात काठी, तोंडात एकही दात नाही. सरांपेक्षाही कितीतरी म्हातारा!

त्रुटीभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "सर, मी विद्यार्थी आणा म्हणलो होतो. तुमी आजोबा आणले!"

"हाच विद्यार्थी हाये," मडावी सर शांतपणे म्हणाले. शाळा सुरू झाली तेव्हा पोरं गुरांमागे रानात. शाळा टिकावी म्हणून गावातल्या बाप्यांनीच पाट्या घेतल्या होत्या आणि पोरं यायला लागल्यावरही हे आजोबा काही उठले नव्हते.

"कशावरून?"

आता आजोबाच पुढे आले. काठी थेट मडावी सरांच्या छातीवर टेकवून म्हणाले, "याच मास्तरनं मले दुसरीत नापास केलं! अजून राग हाये माहा!"

एवढ्या रागाला खोटं कोण म्हणणार? त्रुटीभाऊंनी मुकाट्याने अंगठा घ्यायला शाईचं पॅड पुढे केलं. आजोबांनी ते बाजूला सारलं आणि पेन मागितला. दुसरी नापास असले तरी सही झोकात केली त्यांनी.

* * *

राहिल्या रामटेके बाई. त्यांची वस्तीशाळा भामरागडच्याही आत, नदीपलीकडच्या एका माडिया पाड्यावर होती. तिथेच बाईंना मेंदूपर्यंत चढणारा ताप आला. शुद्ध हरपली. गावकऱ्यांनी खाट उलटी करून तिला बांबू बांधले, बाईंना त्यात घातलं आणि जंगलातून वाहत नेऊन रस्त्यावर आणलं. तिथून दवाखाना. बाई वाचल्या, पण त्या बऱ्या होईपर्यंत ती शाळाच बंद झाली आणि त्यांना भलत्याच टोकाला हजर व्हायचा आदेश मिळाला. त्या पाड्यावर त्या परत कधी गेल्याच नाहीत. नकाशावर ते गाव नीट सापडतही नव्हतं.

"शाळा कुठी भरत होती?" त्रुटीभाऊंनी विचारलं.

"मोहाच्या झाडाखाली."

"झाड कोणाच्या जाग्यात?"

"कोणाच्या म्हणजे? जंगलात."

त्रुटीभाऊंनी पेन खाली ठेवला. "म्हणजे बाई, जंगल खात्याच्या जागेवर अतिक्रमण करून तुमी शाळा चालवली?"

पेन्शन मागायला गेलेली बाई अतिक्रमणाची आरोपी होऊन बाहेर आली. आवारातल्या चहावाल्याकडे बाईंनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आता काही होत नाई जी," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मला त्रुटीभाऊंचा खरा संताप आला.

* * *

पण नशिबाने ऑफिसात नवे साहेब आले. तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, जंगल पाहायची हौस असलेले. फाइल वाचून म्हणाले, "मी स्वतः जाऊन बघतो. शाळा होती की नव्हती ते गावच सांगेल."

जीपने निघालो. साहेब, बाई, मी आणि माडिया बोली समजते म्हणून मडावी सर. नदी डोंग्याने ओलांडली, पुढे पायवाट. बाई वाटभर एकच बोलत होत्या, "आता कोण ओळखन मले? पोरं विसरली असतीन."

ओळखलं राजेहो! पाड्याच्या तोंडाशी एक बाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन येत होती. तिने रामटेके बाईंना पाहिलं, गुंड धाडकन खाली पडला आणि ती किंचाळत पळाली. मग दारं लागली. पोरं घरात ओढली गेली. कुत्री भुंकत होती आणि माणूस एकही पुढे येईना. साहेबांनी घाम पुसला. "यांनी गावात काय केलं होतं हो?" मला विचारलं. मला तरी काय माहीत!

शेवटी दोन-तीन बाप्ये लांब उभे राहिले. मडावी सर त्यांच्याशी बोलायला गेले. बोलता बोलता सरांचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

सरांनी हातानेच थांबा म्हटलं. तेवढ्यात एक म्हातारी एका झोपडीतून निघाली. काठी टेकत बाईंच्या अगदी पुढ्यात आली, पण तोंडाकडे पाहिलंच नाही. वाकली आणि बाईंचे पाय पाहायला लागली. लुगड्याचा काठ काठीने बाजूला करून पाहिले. भुताचे पाय उलटे असतात हे आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक. खोटं कशाला सांगू, मीही पाहिले.

पाय सरळ होते. म्हातारीने बाईंच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला आणि गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली. मग सगळा पाडाच धावून आला.

मडावी सरांनी तेव्हा सांगितलं. बाईंना खाटेवरून नेल्यानंतर बाजारात कोणीतरी या लोकांना म्हणालं होतं, तापाची मास्तरीण गेली. यांनी ते खरं धरलं. मेलेल्या माणसाच्या नावाने पाड्याबाहेर दगड उभा करायची त्यांची रीत आहे. परक्याचा करत नाहीत. बाईंचा केला!

गावपाटील आम्हाला तिकडे घेऊन गेला. उभ्या दगडांची रांग होती. त्यातल्या एका दगडाला छत्री टेकवलेली. कापड कधीच सडून गेलेलं, नुसत्या गंजलेल्या काड्या. खाली फुटकी पाटी आणि त्यावर ताजी मोहाची फुलं.

"माही छत्री," बाई म्हणाल्या आणि मटकन खालीच बसल्या.

स्वतःचाच दगड पाहायची पाळी कोणावर येते हो? आणि आमच्या बदलीनंतर शाळेत आमचा साधा फोटोही कोणी ठेवत नाही.

साहेब मात्र साहेबच. त्यांनी घसा खाकरला आणि पाटलाला विचारलं, "या बाई इथे शिकवत होत्या? कधीपर्यंत?"

मडावी सरांनी प्रश्न पाटलाला सांगितला. पाटलाने दगडाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, खूप विचार केला. मग एकच वाक्य बोलला. सर अडखळले.

"काय म्हणतो तो?" साहेब म्हणाले.

"म्हणतो... बाईनं मरेपर्यंत शिकवलं."

साहेबांचा पेन हवेतच थांबला. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"हव साहेब! बरोबर हाये. तसंच लिवा!"

* * *

साहेबांनी खरंच तसंच लिहिलं. दगड, छत्री, पाटी, पाटलाचा जबाब, सगळं.

काही दिवसांनी निरोप आला आणि आम्ही तिघे त्रुटीभाऊंच्या टेबलासमोर उभे राहिलो. बाईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता. त्रुटीभाऊ साहेबांचा शेरा वाचत होते. एकदा वाचला. बाईंकडे पाहिलं. पुन्हा वाचला. त्रुटी हा शब्द काही तोंडातून निघेना. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि मारला.

"बाई, जुडली तुमची सेवा."

मडावी सरांनी माझा दंड इतका आवळला की दुखला.

तेवढ्यात त्रुटीभाऊंचा पेन खाली पडला. म्हणजे पडला असं त्यांनी दाखवलं. पेन उचलायला ते टेबलाखाली वाकले, ते वर येईचनात.

बाईंनी एक पाऊल मागे घेतलं, लुगड्याचा काठ जरा वर धरला आणि म्हणाल्या, "नीट पाहून घ्या भाऊ. मंग फिरून बोलवू नका!"