धरणात गेलेल्या गावाची गाडी

बारामतीच्या एसटी डेपोतून साहेबराव ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनी हार घालून घेतला, नारळ घेतला, घरी आले आणि हार खुंटीला अडकवायच्या आधीच बायकोला म्हणाले, "रवीची आई, आता माझ्या गाडीत एकच पॅसेंजर."

ताईबाईंना वाटलं, म्हातारा हरखलाय, चार दिवसांत उतरेल. उतरलं काही नाही. एक दिवस दारात जुनी मेटॅडोर येऊन उभी राहिली. दुधाचे कॅन वाहून वाहून तिच्या पत्र्यात आंबूस वास मुरलेला. साहेबरावांनी आत लोखंडी खाट बसवली, पाण्याची टाकी बसवली, स्टोव्हला कोनाडा केला, भांडी हुकांना टांगली आणि समोर काचेजवळ बाबासाहेबांचा फोटो लावला. मुलगा रवींद्र एमआयडीसीत कामाला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"आबा, कंपनीत लोकं इचारत्यात, वडलांनी सर्कस काढली का म्हून."

"सांग त्यांना, व्हय. जल्मभर लोकांना लग्नाला पोचवलं, बाजाराला पोचवलं. म्या काय बघितलं? डेपोची भित."

आणि निघाले की! पहिल्या वर्षी अजिंठा, महू, सांची. दुसऱ्या वर्षी थेट जैसलमेर. तिथं वाळूत गाडी रुतली, तेव्हा एका उंटवाल्यानं चाकांतली हवा कमी करायला शिकवलं. मग काय, साहेबरावांना पोरखेळच सापडला. टेकडीवर चढायचं, वरून गाडी खाली सोडायची. ताईबाई पदर तोंडात कोंबून किंचाळायच्या आणि खाली आल्यावर म्हणायच्या, "आणखी एकदा." साठीला टेकलेली बाई असं काही बोलली, हे गल्लीत सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. त्यांनी सांगितलंही नाही. काही सुखं सांगितली की नजर लागते असं त्यांना वाटे, आणि पुढं जे झालं त्यानं ते वाटणं पक्कंच झालं.

तिसऱ्या वर्षी ते कच्छच्या रणात गेले. चारी बाजूंनी पांढरं मीठ, झाड नाही, पाखरू नाही. भर दुपारी साहेबरावांनी गाडी थांबवली. स्टिअरिंगवर हात ठेवून ते घड्याळाकडं बघत बसले.

"काय झालं?" ताईबाईंनी विचारलं.

"थांब की. टाइम न्हाय झाला. सणसरची माणसं यायची हायेत."

ताईबाई हसल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की नवरा हसत नाहीये. साहेबरावांनी दार उघडलं, खाली उतरले आणि त्या पांढऱ्या माळाकडं कपाळावर हात धरून बघत राहिले. सणसर म्हणजे बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. ताईबाईंनी त्यांना हाताला धरून गाडीत आणून बसवलं.

बारामतीला परतल्यावर त्या त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टरनं साहेबरावांना बाहेर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार, यांच्या हातात गाडी देऊ नका. ताईबाईंनी घरी येऊन रवींद्रला सांगितलं, "अशक्तपणा हाय म्हणाले."

त्या खोटं का बोलल्या? कारण घरात साहेबराव हळूहळू कुणीतरी वेगळेच व्हायला लागले होते. जेवलो का नाही हे विचारायचे, संडासाचं दार सापडायचं नाही, नातवाकडं परक्यासारखं बघायचे. पण हातात किल्ली आली की पाठ ताठ व्हायची, डोळ्यांत ओळख यायची आणि ते पुन्हा ताईबाईंचे साहेबराव व्हायचे. किल्ली काढून घेतली की माणूसही जाणार, हे त्यांना दिसत होतं. मग कुठल्या बाईचा हात धजेल?

त्यांनी मनाशी तडजोड केली. वाळवंट नको, परमुलूख नको. फक्त ओळखीचे रस्ते. ओळखीच्या रस्त्यावर काय होतंय?

इथंच त्यांचं चुकलं. वाळवंटात साहेबराव बहुतेक वेळ डोळ्यांनी बघून गाडी चालवत, कारण तिथलं आठवायला काही नव्हतंच. घरच्या रस्त्यावर मात्र ते आठवणीनं चालवत.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात दोघं इंदापूरकडं निघाले, ताईबाईंच्या भावाकडं. त्यांचं माहेर उजनी धरणात बुडालेलं. माणसं उठून मोठ्या रस्त्याकडेच्या नव्या गावठाणात आली, जुनं गाव पाण्याखाली राहिलं. त्या जुन्या गावाला एके काळी साहेबरावच मुक्कामी एसटी घेऊन जायचे. दिवस कलता गाडी गावात पोचायची, रात्री तिथंच राहायची आणि सकाळी तीच पहिली फेरी घेऊन निघायची.

सणसर गेलं, पुढं बरंच अंतर गेलं, आणि एका फाट्यावर साहेबरावांनी गाडी डावीकडं घातली.

"अहो, सरळ. भाऊचं घर सरळ हाय."

साहेबरावांनी गिअर बदलला. ऊस संपला, बाभळी लागल्या, मग बाभळीही संपल्या. उन्हाळ्यानं धरणाचं पाणी लांब आत गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. मेटॅडोर उडत, आदळत चालली. क्षणभर ताईबाईंना वाटलं, गड्याला जैसलमेर आठवलं, मजा करतोय. त्या हसल्यासुद्धा.

तेवढ्यात साहेबरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोकळ्या माळाला म्हणाले, "राम राम, पाटील."

माळावर चिटपाखरू नव्हतं.

मग एकेक दिसायला लागलं. गाळात अर्ध्या बुडालेल्या भिंती, एक दगडी चौथरा, वाळलेल्या चिंचेचा काळा बुंधा. ताईबाईंनी ती चिंच ओळखली. हे त्यांचंच बुडालेलं गाव होतं. चिंचेच्या पुढं उतार होता, उतारानंतर नदी. आता तिथं मावळतीच्या उन्हात लखलखणारं पाणी होतं, आणि गाडी सरळ त्याच्याकडं निघाली होती. चाकांखालची जमीन वरून वाळलेली, आतून लिबलिबीत. खपली फुटल्याचा आवाज त्यांना आत ऐकू येत होता.

"अहो, थांबवा! पाणी हाय पुढं!" त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

साहेबरावांनी तो झटकला. रागानं नाही, सवयीनं. "बाई, जागेवर बसा. ड्रायव्हरशी बोलायचं न्हाय."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ताईबाईंना कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. आता ओरडून उपयोग नव्हता, रडूनही नव्हता. नवरा बायकोचं ऐकत नव्हता, पण ड्रायव्हर कुणाचं तरी ऐकतोच. ताईबाई धडपडत मागं गेल्या, हुकाची पळी ओढली आणि पाण्याच्या लोखंडी टाकीवर सगळा जीव एकवटून एकच दणका घातला.

एसटीत कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. साहेबरावांचा पाय विचार न करता ब्रेकवर गेला. गाडी घसरली, वाकडी झाली आणि थांबली. पुढची चाकं ओल्या गाळात होती. इंजिन चालूच होतं.

"मास्तर," साहेबराव मागं न बघता म्हणाले, "स्टँड पुढं हाय. डबल मारा."

कंडक्टरला ड्रायव्हर लोक 'मास्तर' म्हणतात. ताईबाईंनी श्वास घेतला आणि आवाज जाड केला. "पुढं रस्ता खचलाय. हितंच मुक्काम."

"खचलाय? सकाळी तर हुता." त्यांनी पाण्याकडं बराच वेळ बघितलं. मग इंजिन बंद केलं. सगळीकडं शांत झालं, आणि त्या शांततेत गाडी बोटभर आणखी खचली.

"किल्ली द्या हिकडं."

"किल्ली ड्रायव्हरची असती, मास्तर." त्यांचा हात तिच्यावरच होता. बोटं चाळवत होती. ती पुन्हा कधी फिरतील याचा नेम नव्हता.

मग साहेबरावच बोलायला लागले, खालच्या आवाजात, जोडीदाराशी बोलावं तसं. "तुमी जावा जेवायला पाटलाकडं. माझं काय, या गावात मला कोण पाणी बी देत न्हाय. पर हितल्या आमच्या लोकांच्या आळीतली एक पोरगी हाय. दर खेपंला तांब्या आणती, बॉनेटवर ठिवती अन् पळून जाती. डेपोत मुक्कामी गाडी कुणालाच नको असती, मास्तर. म्या मागून घेतो, ती तेवढ्यासाठी. तिच्या बापाकडं शब्द टाकावा म्हणतो. घाबरतो."

ताईबाई खाटेवर टेकल्या. लग्न थोरल्यांनी ठरवलं, असंच त्या जन्मभर समजून होत्या. या माणसानं एका शब्दानं कधी सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं ते कुणा मास्तरला. त्यांना नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून म्हणावंसं वाटलं, ती मीच हो. पण बोटं अजून किल्लीवर होती.

"म्या टाकतो शब्द," त्या गडीमाणसासारखं म्हणाल्या. "आता लगेच जाऊ. तुमी बी चला संगं. पर सकाळच्या गाडीला दुसरा ड्रायव्हर घ्यावा लागंल, बोलाचालीला वेळ लागतो. किल्ली माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

"न्हाय म्हणली तर पोरगी?"

"न्हाय म्हणणार न्हाय ती."

साहेबरावांनी किल्ली काढली आणि मागं न बघताच ताईबाईंनी पुढं केलेल्या हातावर ठेवली. ताईबाईंनी मूठ आवळली. पुढं ते आरशात वाकून बघत होते आणि हातानं केस बसवत होते.