कांदा आणि ओला शर्ट

धाकट्या भावाला ऊन लागलंय, हे निदान माझं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, म्हणून घरात माझ्या शब्दाला उगाचच वजन होतं.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा. भाऊ कळंब्याच्या रानात वांग्यांवर फवारणी करून आला, तो घामानं निथळत. लाळ, उलट्या. मी त्याला घराच्या पुढच्या सोप्यात आडवं केलं, कांदा फोडून नाकाशी धरला. अर्धा तास गेला. फवाऱ्यानं भिजलेला शर्ट अंगात तसाच. वारं लागावं म्हणून वरची दोन बटणं तेवढी मी काढली.

बायको गोठ्यातून आली. तिनं वास घेतला, शर्ट फाडून काढला, साबणानं त्याचं अंग धुतलं आणि शेजाऱ्याची जीप बोलावली.

दवाखान्यात कळलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. डॉक्टरांनी औषधाचं नाव विचारलं. बाटलीवर लेबलच नव्हतं. दुकानदारानं कॅनमधून सुटं ओतून दिलेलं.

डॉक्टर समजावू लागले. मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाईम असतं. हे विष नेमकं त्यालाच चिकटतं. मग निरोप पुसला जात नाही. लाळ, घाम, स्नायूंची फडफड थांबतच नाही. विष सोडवणारं इंजेक्शन आहे, पण उशीर झाला की चिकटलेलं कायमचं बसतं. ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं काढायचो. आणि ऐन वेळी कांदा फोडला.

तीन दिवसांनी भाऊ नीट बोलला, तेव्हा आधी त्याच्यावरच भडकलो. औषध हातानं ढवळतोस? तो क्षीणपणे म्हणाला, "दादा, सगळीच ढवळत्यात की."

तिथनं तडक दुकान गाठलं, बायको स्कूटरवर मागं. भर गिऱ्हाइकांत दुकानदाराची लाज काढली. माणसं मारायचा धंदा मांडलायस, म्हणालो. ह्याच विषावर माझा अख्खा धडा आहे, मला शिकवू नकोस, हेही ओरडलो. तो शांतपणे सुटं ओततच राहिला. "पावणं, आजवर कुणी लेबल मागितलंय व्हय?"

त्या वाक्याचा राग अजून उतरलेला नाही. त्या दिवशी तर घरी पोचेपर्यंत मी शिव्याच देत होतो. बायको उतरली, पदर सारखा केला.

"धडा पोरांस्नी वर्षानुवर्षं शिकवतासा," ती म्हणाली. "येकदा जेवताना भावजीस्नी सांगायला काय झालतं?"