मामांची करपलेली भाकर

भाकर करपली की शिपाईमामा ती लगेच उतरवत नसत. आधी मान वळवून कोपऱ्याकडे बघायचे. तिथे मामी भिंतीला टेकून बसलेली असायची. ती काही बोलते का, याची थोडी वाट बघायचे आणि मग भाकर काढायचे.

संस्थान विलीन झालं आणि जव्हारच्या चाकरीतली काही माणसं मोखाड्याच्या कचेरीत आली. मामा त्यांतलेच. मी शाळेत मास्तर. आमच्या खोल्यांमध्ये एक कुडाची भिंत. तिकडे मिरची तडतडली की इकडे मला ठसका. तीन दगडांची चूल, एक मडकं, भाकर भाजायचं एक खापर, एक लाकडी डाव, एवढाच त्यांचा संसार. नागलीची भाकर, उडदाची डाळ, बाजाराच्या दिवशी मूठभर सुकट.

इथे आल्यावर, मी शेजारी येण्याआधीच, त्यांचं एकुलतं पोर तापात गेलं. तेव्हापासून मामीने बोलणं टाकलं, चुलीजवळ जाणं टाकलं. मामांनी भरवलं तरच खायची. नातलग म्हणायचे, "माहेरी धाड तिला, दुसरी कर." मामा "बघू" म्हणून कांदा चिरायला घ्यायचे.

एकदा माझ्यादेखत भाकर जळायला लागली. मी ओरडलो, "मामा, उलटा की!"

त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. "गुरुजी, तुम्ही नका बोलू. तिच्या हातची भाकर सगळा पाडा वाखाणायचा. माझी बघून कधी तरी चिडंल. चिडली तरी पुरे."

"आणि करपलेली खातं कोण?"

"मीच. तिला दुसरी देतो, चांगली." ते हसले. दात काळे झाले होते.

त्या पावसाळ्यात मामांनाच हिवताप भरला. एका सकाळी मामी माझ्या दारात उभी. हातात खापराचा तुकडा.

"गुरुजी, विस्तव द्या."

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिने तांदळाची पेज केली. मामांनी घोटभर घेतली आणि मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "मीठ घातलंस?"

"घातलंय! गप पडून राहा," मामी खेकसली.

मामांचा चेहरा मी विसरणार नाही.

ताप मात्र उतरेना. आम्ही चौघांनी डोली करून त्यांना जव्हारच्या दवाखान्याकडे उचललं. उरलेली पेज मडक्यात घेऊन मामी मागून चालत होती. चढावर खांदा बदलायला डोली टेकवली, तेव्हा मामा गेलेले होते.

मामी बराच वेळ त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसली. मग उठली, पळसाची पानं तोडली, द्रोण केले.

"मामी, मयताजवळ खात नाहीत," कुणी तरी म्हणालं.

"माघारी न्यायचंय त्याला. उपाशी कसं न्याल?"

आम्ही पेज प्यालो. मग तिने स्वतःसाठी द्रोण भरला आणि मामांच्या पायाशी बसून, कुणीही न भरवता, संपवला.