उदयनगरचा लाइटनिंग कॉल

“बेनजी, इंदूर लगई दो! बडो अस्पताल! जल्दी!”

उदयनगरच्या पोस्टातून पोस्टमास्तर चौहान ओरडत होते. मी देवासच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होते. एकाहत्तरची लढाई चालू होती. त्यात मावठ्याचा पाऊस आणि दाट धुकं. गस्तीवरून परतणारं आपलं एक विमान वाट चुकून तिथल्या जंगलातल्या टेकडीवर आदळलं होतं. आतल्या दोघांपैकी एक जागीच गेला. दुसऱ्या तरुण वैमानिकाला गावकऱ्यांनी खाटेवर घालून पोस्टात आणलं, कारण फोन तेवढा तिथेच होता. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होतं.

बाळांनो, परगावचा फोन तेव्हा ऑपरेटर जोडून देत असे. त्याला ट्रंक कॉल म्हणत. आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागे. सगळ्यांच्या आधी हवा असेल तर ‘लाइटनिंग’ मागायचा.

सुपरवायझर दिघेबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. “लाइटनिंग लाव. आणि विमान हा शब्द लाईनवर नको. लढाई आहे.”

“मग काय म्हणू?”

“पेशंट म्हण. आहेच ना तो पेशंट!”

इंदूर लागलं. पण तारा भिजलेल्या. मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं, मात्र उदयनगरचा आवाज डॉक्टरांपर्यंत पोचेना. अशा वेळी ऑपरेटरने मध्ये बसून एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायचं. त्याला आम्ही रिले म्हणायचो. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, मास्तर माळवीत.

डॉक्टर म्हणाले, “ॲम्ब्युलन्स निघते आहे, पण रस्ता खराब आहे, वेळ लागेल. रक्त थांबलं का?”

मी विचारलं. मास्तर म्हणाले, “हां बेनजी, ठीक हे.”

“पाय गरम आहे?”

“ठीक हे.”

“शुद्धीवर आहे?”

“बिलकुल ठीक हे.”

“गुड,” म्हणून डॉक्टर फोन ठेवायला निघाले. मला चैन पडेना. आपल्या माळव्यात मोठ्या साहेबाने काही विचारलं की माणूस आधी ‘ठीक हे’ म्हणतो. ती अदब असते, बातमी नसते. रिलेमध्ये ऑपरेटरने स्वतःचं काही विचारायचं नाही, असा नियम होता. मी मागे वळून पाहिलं. दिघेबाई म्हणाल्या, “विचार.”

“सर, जरा थांबा. मास्तरजी, तुमने खुद देखा?”

“कंबल ओढायो हे, बेनजी. साहब के बार-बार कुण उघाडे? ठंड हे.”

“उघाडो! देखकर बोलो!”

ते गेले. परत आले तेव्हा आवाज बदललेला होता. “बेनजी, खाट का नीचे खून टपकी रियो हे.”

मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते ताठ झाले असावेत. एकेक वाक्य सावकाश आलं. स्वच्छ कापडाची जाड घडी करा. जखमेवर पूर्ण जोर लावून दाबा. दमलात तर दुसऱ्याने हात लावायचा, पण दाब सोडायचा नाही. उचलून बघायचं नाही. मी प्रत्येक वाक्य हिंदीत सांगितलं आणि मास्तरांकडून परत म्हणवून घेतलं. ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत गावातले चार जण आळीपाळीने त्याची मांडी दाबून बसले.

ऑपरेटरला कॉलचा शेवट सहसा कळत नाही. पण दोन दिवसांनी डॉक्टरांनी स्वतः कॉल बुक केला. “तुमचा पेशंट वाचला. पायही राहिला. उदयनगरला कळवा.” मी कळवलं. जो गेला, त्याचं नाव आम्हाला कोणी कधीच सांगितलं नाही. त्याच्यासाठी त्या दिवशी दिघेबाईंनी एक्स्चेंजमध्ये दिवा लावला.

त्या चार जणांचे, आणि ‘विचार’ एवढंच म्हणणाऱ्या दिघेबाईंचे उपकार मी अजून मानते.

तुम्ही फोनवर “आय ॲम फाइन, आजी” म्हणता, तेव्हा मी पुन्हा का विचारते ते आता कळलं असेल. काय जेवलात ते सांगत जा.