एका चुलीवरचे दोन भात

एका चुलीवर रोज दोन प्रकारचा भात काढायचा म्हणजे काय, ते ज्याने काढला त्यालाच विचारावं. मी काढला, कितीतरी वर्षं. अजूनही भाताला आधण ठेवताना जिवावर येतं.

तुमसरला आमचं लॉज होतं. धान-तांदळाच्या खरेदीला येणारे बाहेरगावचे व्यापारी तिथे उतरायचे. स्वच्छ पांढऱ्या चादरी, प्रत्येक पलंगाला मच्छरदाणी, आंघोळीला कढत पाणी आणि जेवायला चिन्नोरचा सुवासिक भात. गावात याच्या वरचं काही नव्हतं, आणि आमचे हे ती गोष्ट कुणाला विसरू देत नसत.

मग यांच्या डोक्यात ट्रकवाले शिरले. आमच्या स्वयंपाकघरासमोर, गल्लीपलीकडे एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. तिथे खाटा टाकायच्या, ड्रायव्हर-हमालांची स्वस्तात सोय करायची. बोर्ड मात्र आपल्याच लॉजचा.

"आपलं नाव तिकडे कायले लावता?" मी म्हटलं. "आज जो इकडे उतरते, तो उद्या तिकडे जाईन."

"लॉजवरचा मानूस खाटेवर झोपते का? तू उगाच भेऊन राहिली."

मी ताणलं नाही. आमच्याकडे वाद अर्ध्यावर मीच सोडायचा, अशी पद्धतच पडली होती. गोदाम सुरू झालं, खाटा भरल्या. चूल मात्र एकच, माझी. लॉजसाठी चिन्नोर, गोदामासाठी जाडा तांदूळ. डाळीही दोन. पातेल्यांची अदलाबदल झाली की यांचा आवाज चढायचा. दुपारी पाठ टेकली की वाटायचं, आता कुणी घोटभर पाणी जरी मागितलं तरी मी रडेन.

लॉजवर जबलपूरचे एक शेठजी वर्षानुवर्षं यायचे. डोक्यावर कायम काळी टोपी; खिडकीची खोली त्यांचीच. त्यांना डाळ बिनलसणाची लागायची आणि जेवणाआधी वाटीभर पेज. जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचे, "भाभी, आपके हाथ का चावल खाने ही आता हूँ." त्या लॉजमध्ये माझ्या हाताचं कौतुक त्यांच्याशिवाय कुणी केलं नाही. पुढे त्यांचं येणं थांबलं. धंदा बसला, असं कानावर आलं.

दोनेक वर्षांनी एका दुपारी वाढपी गोदामातून आला.

"वैनी, एकजन बिना लसनाची डाळ मांगते. अन् पयले वाटीभर पेज."

मी दाराशी जाऊन पाहिलं. कोपऱ्यातल्या खाटेवर, आमच्याकडे पाठ करून, तीच काळी टोपी. लॉजच्या दारावरूनच ते गेले असणार, मान खाली घालून. मला फार वाईट वाटलं. त्या भरात मी ताटात चिन्नोर वाढला, वर तूप सोडलं आणि वाढप्याला म्हटलं, "काही बोलू नको. नुसतं समोर ठेव."

थोड्या वेळाने वाढपी ताट तसंच परत घेऊन आला.

"पेज पेले. भाताचा वास आला अन् उठलेच. पिशवी घेऊन स्टेशनकडे गेले."

मी यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी म्हणतील, तुझं खरं होतं. हे म्हणाले, "जाडा भात द्याचा होता त्याले. राहू द्याचं होतं."

शेठजी पुन्हा कधी आले नाहीत.

बोर्डावरच्या नावाला कमीपणा येईल म्हणून भांडणारी मीच, आणि 'तुम्हाला ओळखलं' असं सांगत त्यांचा कमीपणा ताटात वाढून पाठवणारीही मीच. तुमसरात जेवणाची ठिकाणं काय कमी होती? त्यांना माझ्याच हातचा जाडा भात खायचा होता, तोही मी दिला नाही.