लंबगोल चेनव्हील

गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी दुपारभर खिडकीशी पडून असायची. तारापूरच्या कारखान्यात, आमच्या प्रयोगशाळेच्या जिन्यावरून घसरले होते. त्याआधी सुटीच्या दिवशी पालघरहून सायकल काढून मी कुठे ना कुठे निघून जायची. डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, गुडघ्याला चांगलीच. पण पायडल अगदी वर येऊन पुढे कलतं ना, नेमकी त्या जागी कळ यायची. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन मी सायकल हातात धरून परत यायची.

पडल्या पडल्या फोनवर वाचत असताना मला लंबगोल चेनव्हील भेटलं. पायडलला जोडलेलं दात्यांचं चक्र गोल नसून जरा लांबट. पायडल वर किंवा खाली असताना पायाला जोर लावताच येत नाही. तिथे हे चक्र छोट्या चक्रासारखं वागतं आणि पाय झटकन पुढे निघून जातो. पायडल पुढे आलं, मांडीत जोर आला, की ते मोठं होतं. शर्यतीतले लोक आता पुन्हा ते वापरू लागले होते. पुन्हा, कारण मी शाळेत होते त्या काळी ते एकदा येऊन गेलं होतं. तेव्हा ते उलटं बसवत, म्हणजे पायडल वर असताना चक्र मोठं. लोकांचे गुडघे दुखले आणि चक्राचं नाव खराब झालं.

चित्र पाहताना मला ते ओळखीचं वाटत राहिलं. अर्धवट झोपेत आठवलं, असलं चाक गावी, माकुणसारला, आमच्या वाडीत आहे.

माझा मोठा भाऊ, दादा, बोटीवर नोकरीला होता. लग्न झाल्यावरच्या पहिल्याच सफरीत त्याने जपानहून वहिनीसाठी सायकल आणली. दांडी खाली उतरलेली, आकाशी रंगाची. गावात कुणी तसली पाहिली नव्हती. वहिनी काही महिने ती फिरवत होती. मग सायकल पंपाच्या खोलीत गेली आणि तिथेच राहिली. तिला आवडली नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो. दादाने तिच्यासाठी पुन्हा मोठी वस्तू कधी आणली नाही. आणायचा ती अत्तरं, टॉफ्या, चिनी मातीचे कप.

मी माकुणसारला गेले तेव्हा दादा चिकूच्या झाडांना पाणी लावत होता. सायकल मागितली तर म्हणाला, "ती? तिचं आता काय उरलं हाय?"

"चेनव्हील उरलंय," मी म्हणाले.

टायर कुजून गेले होते. आम्ही सायकल टेम्पोत घालून बोईसरला नेली. दुकानातल्या मिस्त्रीने पायडल फिरवलं, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, ये तो टेढ़ा हो गया है. नया डाल दूँ?" दादा खूप दिवसांनी मोठ्याने हसला. "रहने दो भाई," तो म्हणाला, "पैदाइशी टेढ़ा है."

नवे टायर, नवी चेन घालून सायकल अंगणात आली. चेनव्हील पाच बोल्टांवर बसलं होतं. मी वाचलं होतं तसं आम्ही ते काढलं, एका बोल्टाने पुढे फिरवून, म्हणजे उलट्याचं सुलटं करून, पुन्हा बसवलं. एवढंच काम. पण हवा कोंदट होती, बोल्ट गंजले होते, आणि दोघं भावंडं गुडघ्यांना गुडघे लावून जमिनीवर बसलो होतो ते मला फार बरं वाटलं.

दादाने आधी चालवून पाहिली. वाडीच्या कुंपणाला वळसा घालून आला तेव्हा त्याचा चेहरा निराळाच होता.

"पाय अडतच नाय," तो म्हणाला. "आधी कशी होती ही?"

पायरीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेली वहिनी म्हणाली, "आधी गुडघे दुखायचे."

दादा सायकल धरून तसाच उभा राहिला. "मंग बोलली का नाय?"

"तुमी एवढ्या लांबून आणलेली. कसं बोलू?" तिने शेंगांवरून नजर उचलली नाही. "मला वाटलं, माझेच पाय तसे."

"मला वाटलं, तुला आवडली नाय."

"आवडलेली ना. रंग तर किती आवडलेला."

इतकी वर्षं ही दोघं एका घरात, आणि एवढंसं बोलणं राहून गेलं होतं. दादाने खांद्यावरच्या पंच्याने बसायची जागा पुसली, ती थोडी खाली घेतली. "चल, बस बघू," तो म्हणाला.

"आता? या वयात?" म्हणता म्हणता वहिनी उठली. पदर खोचला. सुरुवातीला सायकल दोन्हीकडे डुलली, दादा मागून धावला, मग ती त्याच्या हातून सुटून फाटकाबाहेर गेली. रस्त्यावर दुपारचं पांढरं ऊन होतं. आकाशी रंग त्यात विरघळत गेला.

अर्धा तास झाला, तास उलटून गेला. दादा फाटकाशी येरझाऱ्या घालू लागला. मी म्हणाले, येईल रे. तो म्हणाला, "पडली बिडली तर?" आणि चपला घालून निघणार, तेवढ्यात ती आली. केस सुटलेले, पायांना ओली वाळू.

"केळव्याला गेलेली," ती म्हणाली. "दर्या बघून आली. कळलंच नाय कधी पोचली ते."

दादा घरात गेला, माठातलं पाणी घेऊन आला.

सायकल अर्थातच मला मिळाली नाही. माझ्या सायकलसाठी दादाने पुण्याहून नव्या तऱ्हेचं लंबगोल चेनव्हील मागवून दिलं. चढ त्याने सपाट होत नाहीत. डॉक्टर म्हणतात, गुडघा बरा होतच आला होता, चाकाचं एवढं कौतुक नको. असेलही. पण कळ यायची ती जागा आता पाय ओलांडून जातो, कधी ओलांडली ते समजतही नाही.

थंडीत एका रविवारी मी पालघरहून मुरब्याला निघाले. खाडीच्या पुलावर धुकं होतं. खाली पाणी दिसत नव्हतं, फक्त होडीच्या इंजिनाचा आवाज कुठूनतरी येत होता. चढावर मी सवयीने दात आवळले, पुलाच्या मध्यावर आल्यावर सोडले. पाय आपले आपण फिरत होते. पलीकडून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि उतार लागला.